आर्क्टिकचा किनारा कुणी शोधला?

लोकमान्य टिळकांचा ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध झाला आणि आर्क्टिक प्रदेश मराठी सुशिक्षितांच्या चर्चेत आला. तोवर युरोपातून निघालेले एकही जहाज कॅनडाच्या उत्तरेकडून पॅसिफिक महासागरात पोचलेले नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये रोआल आमुन्डसेन ‘ग्योआ’ नावाची छोटी नौका घेऊन नॉर्वेहून निघाला आणि १९०६ साली तिने हा वायव्य मार्ग प्रथमच पार केला. इंग्लंडचा मार्टिन फ्रोबिशर याच वाटेच्या शोधात १५७६ साली निघाला होता. मधल्या ३३० वर्षांत कितीतरी जहाजे, पैसा आणि माणसे या एका वाटेपायी खर्ची पडली.

वाट सापडत नव्हती, पण किनारा मात्र नकाशावर येत गेला. आशियाची उत्तर कड बरीचशी १७४२ पर्यंत रेखाटून झाली होती आणि अमेरिका खंडाची १८५४ पर्यंत. जहाजे बर्फात अडकत असताना हा किनारा कुणी शोधला आणि कसा? लोकप्रिय पुस्तकांत याचे उत्तर म्हणून कप्तानांची आणि नौदलाच्या अधिकाऱ्यांची नावे येतात. गेल्या काही दशकांतले संशोधन एकत्र ठेवून पाहिले तर चित्र बदलते. या किनाऱ्याचा मोठा भाग जमिनीच्या बाजूने, उत्तरेकडे वाहणाऱ्या नद्यांच्या वाटेने शोधला गेला आणि तो दाखवला त्या नद्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांनी. हे या लेखाचे म्हणणे आहे आणि ते कितपत टिकते याचाच हा आढावा.

नद्या कशा आहेत

जगातल्या सगळ्या समुद्रांच्या पाण्यापैकी आर्क्टिक महासागरात जेमतेम एक टक्का पाणी आहे. पण जगातल्या नद्या समुद्राला जे पाणी देतात, त्यातला सुमारे दहावा हिस्सा याच महासागराला मिळतो. सैबेरियातल्या ओब, येनिसेई आणि लेना, कॅनडातली मॅकेन्झी या नद्या हजारो किलोमीटर दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत येतात. वसंतात बर्फ आधी वितळते ते दक्षिणेला. वरचे पाणी सुटते तेव्हा मुखाजवळची नदी अजून गोठलेलीच असते. बर्फाचे बांध तयार होतात, पाणी मागे तुंबते आणि काठ बुडतात. मुखाशी गाळाचे उथळ फाटे पसरलेले असतात आणि गोड्या पाण्यावर शरद ऋतूत बर्फही लवकर धरते. खोल बुडाचे जहाज घेऊन समुद्राकडून येणाऱ्याला अशा मुखात शिरणे अवघड जाई.

जमिनीवरून येणाऱ्याला मात्र हीच नदी वर्षातून दोनदा रस्ता होई. उन्हाळ्यात होडीने आणि हिवाळ्यात गोठल्यावर घसरगाडीने. मासे नदीत मिळत, कळपाने फिरणारी रेनडिअर ठरावीक उतारांवर नदी ओलांडत, आणि झाडांची सीमा संपल्यावरही पुरात वाहून आलेले लाकूड काठाला सापडे. म्हणूनच माणसांची वस्ती या नद्यांच्या आसऱ्याने होती. सैबेरियात नेनेत्स, इव्हेंक, याकूत, युकागीर. कॅनडात डेने लोकांचे अनेक गट आणि किनाऱ्यावर इनुइट. युरोपीय माणूस इथे आला तेव्हा प्रत्येक नदीची, प्रत्येक धबधब्याची माहिती असलेली माणसे हजर होती.

समुद्राकडून झालेले प्रयत्न

सुरुवात व्यापारातून झाली. भारत आणि पूर्वेकडच्या बेटांची वाट पोर्तुगीजांच्या हातात होती, म्हणून इंग्रज आणि डच उत्तरेकडून वाट शोधू लागले. १५५३ साली सर ह्यू विलोबी आणि रिचर्ड चान्सेलर तीन जहाजे घेऊन लंडनहून निघाले. वादळात त्यांची ताटातूट झाली. विलोबीची दोन जहाजे कोला द्वीपकल्पावर एका नदीच्या मुखाशी हिवाळ्यासाठी थांबली आणि तिथेच सगळे मेले. जानेवारी १५५४ मधल्या एका मृत्युपत्रावर विलोबीची सही आहे, म्हणजे काही महिने तरी ते तिथे जिवंत होते. चान्सेलर मात्र श्वेत समुद्रात शिरून द्विना नदीच्या मुखाशी पोचला. तिथल्या लोकांना भेटला, पुढे मॉस्कोपर्यंत जमिनीवरून गेला आणि झार चौथ्या इव्हानकडून व्यापाराची परवानगी घेऊन आला. त्यातून १५५५ साली मस्कोव्ही कंपनी उभी राहिली. एकाच ताफ्यातली ही जहाजे. त्यांतली दोन निर्जन मुखाशी थांबली आणि संपली, तिसरे माणसांची वस्ती असलेल्या मुखाशी पोचले आणि त्याने एक व्यापारी पेढी जन्माला घातली.

डचांच्या मोहिमांचा धागा गोव्यापर्यंत येतो. यान हाउखेन व्हान लिन्शोटेन हा १५८३ पासून पाच वर्षे गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. तिथे त्याने पोर्तुगीजांच्या सागरी वाटांची आणि व्यापाराची माहिती जमा केली. १५९६ साली छापलेल्या त्याच्या ‘इटिनेरारियो’ने ती सगळ्या युरोपासमोर ठेवली. हाच लिन्शोटेन १५९४ आणि १५९५ साली डच जहाजांबरोबर आर्क्टिकमध्ये गेला. पहिल्या खेपेस व्हायगाच बेटाजवळच्या सामुद्रधुनीतून त्यांची जहाजे कारा समुद्रात शिरली, पुढे मोकळे पाणी दिसले आणि वाट सापडली अशा समजुतीने ती परतली. दुसऱ्या वर्षी मालाने भरलेल्या सात जहाजांचा ताफा गेला आणि त्याच सामुद्रधुनीजवळ बर्फापुढे हात टेकून परत आला. पूर्वेच्या मसाल्यांसाठी दक्षिणेची वाट आणि उत्तरेची वाट एकाच वेळी धुंडाळली जात होती आणि या माणसाने दोन्ही पाहिल्या.

१५९६ साली विलेम बॅरेंट्स आणि याकोब व्हान हेम्सकेर्क पुन्हा निघाले. वाटेत त्यांना स्पिट्सबर्गन दिसले. पुढे नोव्हाया झेमल्याच्या ईशान्य टोकाशी त्यांचे जहाज बर्फात सापडले. सतरा माणसे होती. त्या बेटावर एक झाड नाही, तरीही त्यांनी लाकडी घर बांधले. किनाऱ्यावर मुळांसकट वाहून आलेले मोठमोठे ओंडके पडले होते. मुख्य भूमीवरच्या नद्यांनी ते पुरात समुद्रात लोटले होते. ते ओंडके त्यांनी घसरगाड्यांवरून ओढून आणले आणि जहाजाच्या फळ्यांची त्यांना जोड दिली. मधोमध चूल, धूर जायला वर पिंप, बाजूला झोपायच्या फळ्या. कोल्ह्यांचे ताजे मांस मिळाल्यामुळे स्कर्व्हीने सगळे गेले नाहीत. उन्हाळ्यात दोन उघड्या होड्यांतून ते निघाले. बॅरेंट्स वाटेत, जून १५९७ मध्ये वारला. पुढे दक्षिणेला रशियन नावाडी भेटले, त्यांनी ओळख धरली आणि रायची भाकरी दिली. बारा जण ॲम्स्टरडॅमला जिवंत पोचले. गेरिट द व्हेअरने लिहिलेल्या रोजनिशीमुळे हे सारे आपल्याला कळते. १८७१ साली एलिंग कार्ल्सन या नॉर्वेजियन कप्तानाला ते घर सामानासह सापडले.

पश्चिमेकडच्या प्रयत्नांची कथा थोडक्यात सांगता येईल. फ्रोबिशरने बॅफिन बेटावरून सोने समजून हजारभर टनांहून जास्त दगड इंग्लंडला आणले, ते निरुपयोगी निघाले. त्याने पकडून नेलेले इनुइट काही आठवड्यांतच इंग्लंडमध्ये मेले. हेन्री हडसनला १६११ साली त्याच्याच खलाशांनी मुलासह एका होडीत सोडून दिले. विल्यम बॅफिन १६१६ साली ७७ अंशांपलीकडे गेला, पण त्याचा नकाशा छापलाच गेला नाही आणि पुढे दोनशे वर्षे त्याच्या उपसागरावर लोक विश्वास ठेवीनात. नंतर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला आला आणि १६२२ साली इराणच्या आखातात लढाईत मारला गेला. साठ-सत्तर वर्षांच्या या धडपडीतून सामुद्रधुन्या आणि उपसागर कळले. खंडाचा उत्तर किनारा मात्र अज्ञातच राहिला.

सैबेरिया: नदीमागून नदी

इंग्रज आणि डच व्हायगाचपाशी अडत होते त्याच काळात श्वेत समुद्राकाठचे रशियन कोळी आणि व्यापारी पुढे जात होते. त्यांना पोमोर म्हणतात. त्यांची नाव गोलसर बुडाची, उथळ पाण्यात चालणारी, बर्फाचा दाब आला की वर उचलली जाणारी. यामाल द्वीपकल्पाला समुद्रातून वळसा घालण्याऐवजी ते त्यावरच्या लहान नद्या आणि तळ्यांतून नावा ओढत पलीकडच्या ओबच्या आखातात उतरत. तिथून ताझ नदीवरच्या मंगाझेया या व्यापारी गावात पोचत. १६०१ च्या सुमारास वसलेले हे गाव सेबलच्या कातड्यांवर श्रीमंत झाले. इंग्रज-डच व्यापारी या वाटेने आत शिरतील या भीतीने झारने १६१९ साली ही सागरी वाट बंद केली. पुढे गावही ओस पडले.

यापुढची रशियन वाटचाल एका नदीतून दुसऱ्या नदीत अशी झाली. येनिसेईच्या उपनदीने वर जायचे, नाव ओढून लेनेच्या खोऱ्यात उतरायचे, लेनेवरून समुद्राकडे, मग किनाऱ्याने इंदिगिर्का, कोलिमा. १६४८ साली सेम्योन डेझन्योव आणि फेदोत पोपोव सात नावांत सुमारे ९० माणसे घेऊन कोलिमेहून पूर्वेला निघाले. बहुतेक नावा नष्ट झाल्या. डेझन्योव आशियाच्या पूर्व टोकाला वळसा घालून अनादीर नदीच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागला. आशिया आणि अमेरिका जोडलेले नाहीत हे त्याच्या प्रवासाने सिद्ध झाले होते, पण त्याचा अहवाल याकुत्स्कच्या दप्तरात पडून राहिला. तो १७३६ साली इतिहासकार गेरहार्ड म्युलरच्या हाती लागला.

या विस्ताराची किंमत कुणी दिली हे सांगितल्याशिवाय ही कथा पुरी होत नाही. कोसॅक सैनिक ज्या नदीवर पोचत तिथे किल्ला बांधत, स्थानिकांकडून कातड्यांचा कर वसूल करत आणि तो मिळावा म्हणून त्यांच्या मुख्य माणसांना ओलीस ठेवत. पाठोपाठ देवीची साथ आली. युकागिरांसारख्या लहान जमाती त्यात खचून गेल्या. वाट दाखवणाऱ्यांत अनेक जण स्वखुशीने आलेले नव्हते.

१७३३ ते १७४३ या काळातली ‘महान उत्तर मोहीम’ ही आर्क्टिक संशोधनातली सर्वांत पद्धतशीर कामगिरी मानावी लागते. व्हितुस बेरिंगच्या देखरेखीखाली किनाऱ्याचे तुकडे पाडले गेले आणि प्रत्येक तुकडी एखाद्या नदीवर नावा बांधून मुखाकडे उतरली. वासिली प्रोंचिश्चेव १७३५ साली याकुत्स्कहून लेनेने खाली निघाला. त्याची तरुण पत्नी बरोबर होती. १७३६ च्या उन्हाळ्यात त्यांनी तैमिरच्या पूर्व किनाऱ्याने ७७ अंशांपलीकडे मजल मारली. परतताना तो वारला आणि काही दिवसांतच तीही गेली. ओलेन्योक नदीच्या मुखाशी दोघांना शेजारी पुरले आहे. खारितोन लापतेवने हे काम पुढे नेले. १७४० साली बर्फाने जहाज मोडल्यावर त्याने समुद्राचा नाद सोडून कुत्र्यांच्या घसरगाड्या घेतल्या. मे १७४२ मध्ये त्याचा सहकारी सेम्योन चेल्युस्किन घसरगाडीनेच आशियाच्या उत्तर टोकाला पोचला. जहाजाने ते टोक ओलांडायला नॉर्डेनशेल्डच्या ‘व्हेगा’पर्यंत, म्हणजे १८७८ सालापर्यंत थांबावे लागले. समुद्राकडून १३६ वर्षे उशिरा जमलेली गोष्ट कुत्र्यांनी आणि ती हाकणाऱ्या स्थानिक माणसांनी आधीच साधली होती.

कॅनडा: मॅटोनाबी, हर्न, मॅकेन्झी

हडसन बे कंपनीची स्थापना १६७० साली झाली, पण शंभर वर्षे ती उपसागराच्या काठाशीच बसून होती. आतल्या प्रदेशाची माहिती येई ती कातडी विकायला येणाऱ्या चिपेवायन डेने लोकांकडून. १७६० च्या दशकात मॅटोनाबी आणि इडोटलियाझी या दोन चिपेवायन पुढाऱ्यांनी उत्तरेचा प्रवास करून नद्या आणि तळी दाखवणारा एक नकाशा कंपनीच्या अधिकाऱ्याला दिला. त्या नकाशाची प्रत कंपनीच्या दप्तरात आहे. सॅम्युअल हर्न तांब्याच्या खाणींच्या शोधात निघाला तो यानंतर.

हर्नचे पहिले दोन प्रयत्न फसले. एकदा वाटाड्यांनीच त्याला सोडून दिले, दुसऱ्या वेळी वाऱ्याने पाडून त्याचा अक्षांश मोजायचा क्वाड्रंट मोडला आणि सामान लुटले गेले. उपाशी परतताना त्याला मॅटोनाबी भेटला. अपयशाचे कारण त्याने स्पष्ट सांगितले: बरोबर बायका नव्हत्या. तंबू उभारणे, कातडी कमावणे, जोडे आणि कपडे शिवणे, ओझी ओढणे ही कामे त्या करत. पुरुष शिकारीला गेले तर बाकीचे कोण करणार? डिसेंबर १७७० मध्ये हर्न मॅटोनाबीच्या कुटुंबाबरोबर निघाला. त्यांचा वेग शिकारीवर ठरत असे, रेनडिअर जिथे जाई तिथे हेही जात. जुलै १७७१ मध्ये ते कॉपरमाइन नदीवर पोचले. मुखाजवळच्या धबधब्यापाशी मॅटोनाबीबरोबरच्या योद्ध्यांनी झोपलेल्या इनुइटांवर हल्ला करून वीसहून अधिक जणांना मारले. हर्न ते पाहत उभा होता. त्या प्रसंगाचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर, १७९५ साली छापलेल्या पुस्तकात अधिक रंगवले गेले असावे असे अलीकडचे अभ्यासक मानतात. हत्याकांड झाले याबद्दल मात्र वाद नाही.

त्यानंतर हर्नने समुद्र पाहिला. उत्तर अमेरिकेत जमिनीवरून आर्क्टिक महासागर गाठणारा तो पहिला युरोपीय. खाणीत भरपूर तांबे निघाले नाही. पण हडसन उपसागरातून पश्चिमेकडे जहाज नेण्याजोगी वाट नाही, हे त्याच्या चालण्याने ठरून गेले. मॅटोनाबीचा शेवट वाईट झाला. १७८२ साली फ्रेंचांनी कंपनीचा किल्ला घेतला, त्याच सुमारास देवीची साथ पसरली आणि त्याने आत्महत्या केली. त्या हिवाळ्यात त्याच्या बायका आणि मुले उपासमारीने मेली. हे हर्ननेच लिहून ठेवले आहे.

अलेक्झांडर मॅकेन्झी ३ जून १७८९ रोजी अथाबास्का तळ्याकाठच्या फोर्ट चिपेवायनहून निघाला. आज त्याच्याच नावाने ओळखली जाणारी नदी पॅसिफिकला मिळेल अशी त्याला आशा होती. बरोबर फ्रेंच कॅनडियन वल्हेकरी आणि ज्याला इंग्रज ‘इंग्लिश चीफ’ म्हणत तो चिपेवायन पुढारी. हा पुढारी पूर्वी मॅटोनाबीच्या गोटातला. नदी पश्चिमेला वळायची लक्षणे दिसेनात. वाटेतल्या डेने लोकांनी पुढच्या प्रवाहाबद्दल सांगितले, प्रत्येक टप्प्यावर नवा वाटाड्या घेतला गेला. जुलैच्या मध्यावर ते मुखातल्या एका बेटावर उतरले. एका रात्री पाणी वाढून सामानापाशी आले. वारा वाढलेला नव्हता. ती भरती आहे हे लक्षात आले आणि आपण समुद्रावर आहोत हे मॅकेन्झीला पटले. १०२ दिवसांत तो परत आला. एकही माणूस दगावला नाही.

ऐकणारे आणि न ऐकणारे

नेपोलियनची युद्धे संपल्यावर ब्रिटिश नौदलाने आर्क्टिकचे काम अंगावर घेतले. नौदलाची शिस्त, गणवेश आणि खलाशी यांच्या जोरावर हे होईल असा त्यांना विश्वास होता. १८१९ साली जॉन फ्रँकलिन कॉपरमाइन नदीने समुद्र गाठून पूर्वेचा किनारा मोजायला निघाला. यलोनाइफ लोकांचा पुढारी अकैचो त्याला शिकार पुरवत होता. १८२० च्या ऑगस्टअखेर फ्रँकलिन समुद्राकडे निघायला अधीर झाला. या दिवसांत गेलात तर परत येणार नाही, असे अकैचोने बजावले आणि त्याला थांबवले. पुढच्या वर्षी मात्र फ्रँकलिन किनाऱ्यावर फार लांब, फार उशिरापर्यंत राहिला. परतीच्या वाटेवर दगडफुलासारखे शेवाळ आणि जोड्यांचे चामडे खात ते चालले. वीसपैकी अकरा जण मेले. उरलेल्यांना नोव्हेंबर १८२१ मध्ये अकैचोच्या माणसांनी मांस आणून जगवले. हाच अकैचो पुढे १८३३-३४ च्या दुष्काळी हिवाळ्यात जॉर्ज बॅकच्याही मदतीला धावला. म्हणून १८३४ साली बॅक एका अवघड नदीवरून समुद्रापर्यंत जाऊ शकला. आज नकाशावर त्या नदीला बॅकचे नाव आहे.

किनाऱ्याचे मोठे राहिलेले भाग १८३७ ते १८३९ या तीन उन्हाळ्यांत हडसन बे कंपनीच्या पीटर डीझ आणि थॉमस सिम्प्सन यांनी भरून काढले. त्यांच्याकडे डझनभर माणसे आणि दोन लहान नावा होत्या. अलास्काच्या पॉइंट बॅरोकडे जाताना बर्फामुळे नावा अडल्या, तेव्हा सिम्प्सन पायी निघाला आणि शेवटचा टप्पा इनुइटांकडून कातड्याची नाव घेऊन त्याने पार केला.

समुद्रावरच्या मोहिमांतही हाच अनुभव आला. विल्यम पॅरीची जहाजे १८२१-२२ चा हिवाळा हडसन उपसागराच्या उत्तरेला विंटर आयलंडपाशी गोठून उभी होती. शेजारी इनुइटांची वस्ती होती. इलिगलिअक नावाच्या एका बुद्धिमान स्त्रीपुढे अधिकाऱ्यांनी कागद ठेवले, आपल्याला माहीत असलेला किनारा काढून दाखवला, दिशा समजावल्या आणि पुढचा किनारा काढायला सांगितले. तिची पेन्सिल उत्तरेकडे जाऊ लागली. किनारा उत्तरेलाच जात राहिला तर मोहीम फुकट जाणार होती. ती मात्र एका ठिकाणी पश्चिमेला वळली आणि तिने एक अरुंद सामुद्रधुनी दाखवली. भोवती उभ्या असलेल्यांचा आनंद गगनात मावेना. १८२२ च्या उन्हाळ्यात जहाजे त्या नकाशाने गेली आणि सामुद्रधुनी तिने सांगितली तिथेच सापडली, बर्फाने बंद. सामुद्रधुनीला नाव मिळाले ते पॅरीच्या दोन जहाजांचे: फ्युरी आणि हेक्ला.

फ्रँकलिनची शेवटची मोहीम मे १८४५ मध्ये ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ या जहाजांतून निघाली. १२९ माणसे होती. उपलब्ध नकाशात किंग विल्यम बेट पूर्वेकडे मुख्य भूमीला जोडलेले दाखवले होते, म्हणून जहाजे पश्चिमेकडच्या जड बर्फात गेली आणि अडकली. एप्रिल १८४८ मध्ये लिहून ठेवलेल्या चिठ्ठीत उरलेले १०५ जण बॅकच्या नदीकडे निघाल्याची नोंद आहे. त्यांतला एकही परत आला नाही.

त्यांचे काय झाले हे कळवले डॉ. जॉन रे या हडसन बे कंपनीच्या डॉक्टरने. ऑर्कनी बेटांवरचा हा माणूस इनुइटांकडून बर्फाची घरे बांधायला, घसरगाडीच्या पट्ट्यांवर बर्फाचा थर द्यायला, शिकारीवर जगायला शिकला होता. त्याच्या तुकड्या लहान असत आणि लांब पल्ला मारत. १८५४ साली त्याने किंग विल्यम हे बेट असल्याचे दाखवून दिले, आणि इनुइटांनी त्याला सांगितले की सुमारे चाळीस गोरे लोक होडी ओढत जाताना दिसले होते, पुढे नदीच्या मुखाजवळ तीसेक प्रेते सापडली आणि उपासमारीत माणसांनी माणसे खाल्ली होती. त्यांच्याकडून त्याने फ्रँकलिनच्या अधिकाऱ्यांचे चांदीचे काटे-चमचे विकत घेतले. हा अहवाल लंडनमध्ये छापला गेल्यावर गहजब झाला. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकात इनुइटांची साक्ष अविश्वसनीय ठरवली. रेला जाहीर झालेले दहा हजार पौंडांचे बक्षीस मिळाले, पण सर ही पदवी कधीच मिळाली नाही. दीडशे वर्षांनी त्या बेटावर सापडलेल्या हाडांवर सुरीच्या खुणा आढळल्या. इनुइटांनी खरे सांगितले होते. रेने दाखवलेल्या सामुद्रधुनीतूनच आमुन्डसेनने ‘ग्योआ’ नेली, आणि तीही नेट्सिलिक इनुइटांमध्ये दोन हिवाळे राहून, त्यांचे कपडे आणि कुत्रे हाकण्याची रीत शिकून.

अभ्यासकांचे बदललेले मत

एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश लेखनात फ्रँकलिन हा हुतात्मा होता आणि वाटाडे हे नाव नसलेले ‘इंडियन’ आणि ‘एस्किमो’. हे चित्र हळूहळू पालटले. पिअर बर्टनच्या १९८८ सालच्या ‘दि आर्क्टिक ग्रेल’ने नौदलाच्या हट्टाची परखड चिकित्सा केली. डेव्हिड वुडमनने १९९१ साली इनुइटांच्या साक्षी एकत्र करून, त्यांवरून जहाजांचा माग काढता येतो असे मांडले. केन मॅकगूगनच्या २००१ सालच्या ‘फेटल पॅसेज’ने जॉन रेला न्याय मिळवून दिला. डोरोथी ईबर यांनी २००८ साली इनुइट वृद्धांच्या तोंडून पाहुण्यांच्या आठवणी नोंदवल्या. मग ‘एरेबस’ २०१४ साली आणि ‘टेरर’ २०१६ साली समुद्रतळाशी सापडले. पहिले जहाज इनुइटांच्या जुन्या साक्षींनी सांगितलेल्या टापूत होते. दुसऱ्याच्या बाबतीत सॅमी कोग्विक या इनुइट शिकाऱ्याने बर्फातून वर आलेला डोलकाठीसारखा खांब पाहिल्याचे सांगितले होते आणि शोध तिकडे वळला.

या मताची मर्यादाही नोंदवायला हवी. स्थानिकांचे ज्ञान खोल होते, पण प्रत्येक गटाचे आपापल्या मुलुखापुरते. ते तुकडे एका जाळ्यात बसवणारे अक्षांश-रेखांश, क्वाड्रंट आणि छापखाना युरोपीयांनी आणले. शेवटच्या प्रवासातला हर्नचा क्वाड्रंट जुना आणि बेभरवशाचा होता, म्हणून त्याने कॉपरमाइनचे मुख सुमारे चार अंश उत्तरेला दाखवले. त्या एका चुकीवरून मोजमापाचे महत्त्व कळते. स्थानिकांचे ऐकूनही माणसे मेली आणि बॅरेंट्सच्या माणसांनी कुणी शेजारी नसतानाही हिवाळा काढला. तरीही सारा हिशेब मांडला तर लहान तुकड्या, नदीची वाट आणि स्थानिक वाटाडे या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र आल्या तिथे काम झाले आणि माणसे परतली. जिथे मोठी जहाजे आणि स्वतःच्या साधनांवरचा अतिविश्वास होता तिथे मोठे संहार झाले.

हा विषय आज आपल्यापासून दूरचा राहिलेला नाही. बॅरेंट्सने पाहिलेल्या स्पिट्सबर्गनवर २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे आणि त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. बर्फ मागे हटत असल्याने उत्तरेच्या सागरी वाटा पुन्हा व्यापाऱ्यांच्या नजरेत आल्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल मराठीत यापुढे अधिक लिहिले जाईल. ते लिहिणाऱ्यांना, शिकवणाऱ्यांना आणि नकाशे काढणाऱ्यांना एवढीच विनंती, की हर्नबरोबर मॅटोनाबीचे, पॅरीबरोबर इलिगलिअकचे आणि फ्रँकलिनबरोबर अकैचोचे नाव घ्यावे. आर्क्टिकचा किनारा या सर्वांनी मिळून शोधला आहे.